वादळाचा निवारा: कुठे बांधायचा, कसा बांधायचा आणि किल्ली कुणाकडे ठेवायची

३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमच्या गावात खालच्या वाडीतल्या वीसेक माणसांना शाळेत हलवायचं ठरलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात घडलं असतं. माणसं सकाळीच शाळेपाशी पोचली, तर शाळेला कुलूप. लॉकडाऊनमुळे शाळा मार्चपासून बंद, गुरुजी त्यांच्या गावी. किल्ली कुणाकडे, असं तिघांना विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळाली. शेवटी एकाने दगडाने कुलूप फोडलं. दुपारी वारा वाढला आणि शाळेचेच पत्रे उडाले. म्हाताऱ्यांना हाताला धरून, पोरांना कडेवर घेऊन सगळे भर वाऱ्यात शेजारच्या स्लॅबच्या घरात गेले. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

त्या दिवसापासून गावात दर ग्रामसभेला एक शब्द निघतो: बहुउद्देशीय निवारा केंद्र. शब्द सरकारी आहे, जड आहे, आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं चित्र वेगळं आहे. कुणाला वाटतं लग्नाचा हॉल, कुणाला वाटतं खांबांवर उभी असलेली मोठी पांढरी इमारत, तर कुणाला ठेकेदाराची गाडी दिसते. मी बांधकामाच्या धंद्यात आहे, म्हणून लोक मला विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

चक्रीवादळाचा निवारा म्हणजे वारा आणि पाणी दोन्हीला पुरून उरेल अशी पक्की इमारत, जिथे आसपासची माणसं वादळाचे काही तास आणि नंतरचे दोनतीन दिवस काढू शकतील. ‘बहुउद्देशीय’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. वादळ वर्षातून एखाद्या वेळी येणार, कधी पाच वर्षांत येणारही नाही. तोवर त्या इमारतीत शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, बचतगटाचं काम असं काहीतरी रोज चालू असायला हवं. याचं कारण काटकसर नाही. कोकणात बंद घराचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. दोन पावसाळे दार उघडलं नाही की वाळवी लागते, कडीकोयंडा गंजतो, नळ अडकतात, वायरिंग उंदीर खातात. फक्त वादळासाठी राखून ठेवलेली इमारत नेमकी वादळाच्या दिवशी कामाला येत नाही.

ही कल्पना बंगालच्या उपसागराच्या काठावर घडली. बांगलादेशात १९७० च्या वादळाने तीन लाखांहून अधिक माणसं नेली. १९९१ मध्ये पुन्हा १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. मधल्या काळात तिथे काही निवारे उभे राहिले होते, तरीही मेलेल्यांमध्ये बायका आणि मुलं फार जास्त होती. नवरा घरी नाही, परवानगी कुणाची घ्यायची. निवाऱ्यात बायकांना वेगळी जागा नाही, संडास नाही. गुरं कुणाच्या भरवशावर सोडायची. अशी कारणं पुढे आली. पुढच्या निवाऱ्यांमध्ये बायकांच्या खोल्या आणि गुरांसाठी उंचवटे आले ते या अनुभवामुळे. आपल्याकडे ओडिशाला २९ ऑक्टोबर १९९९ चं महाचक्रीवादळ आलं आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हा त्या सबंध किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेले जेमतेम २३ निवारे होते. पुढच्या वीस वर्षांत ओडिशाने ही संख्या आठशेच्या पुढे नेली. २०१३ च्या फायलिन वादळात तिथे दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे सगळं श्रेय एकट्या सिमेंटचं नाही. हवामान खात्याचा अंदाज सुधारला होता, आणि गावागावांत निवारा समित्या होत्या, ज्यांना कुणाला कुठून उचलायचं हे माहीत होतं.

केंद्राच्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाचा पहिला टप्पा ओडिशा आणि आंध्रसाठी होता. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ आणि पश्चिम बंगाल आले. निवारे, खारबंधारे, अलिबागला जमिनीखालून विजेच्या तारा, ही कामं त्यातली. २०२१ च्या पुरानंतर राज्याने कोकणासाठी आपत्ती सौम्यीकरणाचा वेगळा कार्यक्रमही घेतला. म्हणजे योजना आहे. अडचण अशी की ओडिशाचा नकाशा कोकणच्या कागदावर जसाच्या तसा उमटत नाही.

सपाट किनारा आणि आपला किनारा

ओडिशाचा किनारा सपाट आहे. तिथे माणसं मारते ती मुख्यतः वादळासोबत आत घुसणारी समुद्राची लाट, आणि ती मैलोन्‌मैल आत जाते. म्हणून तिथला निवारा खांबांवर उभा, खालचा मजला मोकळा, आणि एका इमारतीत हजारभर माणसं. दोनतीन किलोमीटरवरून सपाट रस्त्याने चालत येता येतं.

आपल्याकडे समुद्राला लागून कोळीवाडा, मागे नारळी-सुपारीच्या वाड्या, मग खलाटीची, म्हणजे सखल जमिनीची भातशेती, आणि लगेच डोंगर. काही ठिकाणी हे सगळं अर्ध्या किलोमीटरच्या आत. डोंगर चढून गेलं की वर उघडाबोडका कातळाचा सडा. गाव म्हणजे एक वस्ती नाहीच. आठदहा वाड्या, प्रत्येकीच्या मध्ये एक पऱ्या. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नाही, जुलैत तो ओलांडता येत नाही. ग्रामपंचायतीपाशी हजार माणसांचा निवारा बांधला तर पलीकडच्या तीन वाड्यांना त्याचा उपयोग काय? वादळाच्या पावसात पऱ्या ओलांडून जाणं हे घरात थांबण्यापेक्षा धोक्याचं.

शिवाय आपल्यावर येणारी संकटं एका जातीची नाहीत. वादळं येतात ती पावसाळ्याच्या आगेमागे: फयान ११ नोव्हेंबर २००९ ला, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, निसर्ग जूनच्या सुरुवातीला, तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर. दरडी आणि पूर येतात जुलैत. २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ ला तळियेत ८० हून अधिक माणसं गाडली गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि घाटाखाली महाड, चिपळूण पाण्यात गेले. खाडीकाठच्या गावांचा आणखी वेगळा हिशोब असतो. वरून नदीचं पाणी यायला आणि खालून उधाणाची भरती चढायला एकच वेळ आली की पाण्याला जायला वाटच राहत नाही.

यातून जागेचा पेच तयार होतो, आणि माझ्या मते निम्मं यश-अपयश इथेच ठरतं. समुद्राजवळ बांधावं तर लाट आणि खारा वारा. पाण्यापासून लांब म्हणून डोंगराच्या कुशीत बांधावं तर दरड. सड्यावर पाया एक नंबर मिळतो, जांभ्याच्या कातळावर इमारत हलत नाही, पण वारा तिथे मोकाट असतो आणि म्हातारं माणूस पावसात घाटी चढून जाणार नाही. खलाटीत जमीन सपाट आणि सोयीची, पण पूर आला की पहिलं पाणी तिथेच.

मग शोधायचं काय? वाडीच्या घरांपेक्षा थोडी उंच, पण डोंगराच्या पायथ्यापासून सुटलेली जागा. कुठल्याही पऱ्याच्या तोंडासमोर नको, कारण दरडीचा चिखल त्याच वाटेने उतरतो. मागच्या उतारावर भेगा, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसतो का ते बघायचं. भूवैज्ञानिकांकडून तपासणी करून घ्यायचीच, पण सरकारी यादीवर विसंबून राहायचं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. जागा बघायला इंजिनिअर येतो तो बहुधा डिसेंबरात. माझा सल्ला: त्याला गावातल्या दोन म्हाताऱ्यांसोबत पाठवा. २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, आजोबांच्या काळात डोंगर कुठून सुटला होता, हे त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे एका जागेवर सगळ्यांचं एकमत होत आलं होतं. माझी काकू एवढंच म्हणाली, “अरे, त्याला बुडकं म्हणतात ते उगाच का?” विषय संपला.

एक मोठा निवारा बांधण्यापेक्षा वाड्यांच्या टप्प्यात शेदीडशे माणसांचे दोनतीन लहान निवारे कोकणाला बरे पडतात, असं मला ठामपणे वाटतं. सगळे नव्याने बांधायलाही नकोत. एखादी चांगल्या जागेवरची शाळा, तिचं छप्पर आणि खिडक्या सुधारून, संडास आणि पाण्याची टाकी जोडून निवारा होऊ शकते. पण उद्घाटनाच्या फोटोत लहान कामं चांगली दिसत नाहीत.

वारा नेमकं काय करतो

लोक म्हणतात वाऱ्याने घर पाडलं. बहुतेक वेळा वारा घर पाडत नाही, छप्पर उचलतो. छपरावरून जोरात जाणारा वारा ते वर खेचतो, आणि एखादी खिडकी फुटली की आत घुसलेला वारा तेच छप्पर खालून ढकलतो. एक खेचतोय, एक ढकलतोय, मध्ये पत्रा.

याचा हिशोब घरच्या घरी करता येतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गावर वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १७ किलोच्या आसपास, ताशी १२० ला तोच ६८ किलो. वीस बाय तीस फुटांचं छप्पर धरलं तर जवळपास पावणेचार टन. एवढ्या ताकदीने वर जाऊ पाहणारं छप्पर आपण कशाने धरून ठेवलेलं असतं? जे-हुकाने आणि चार खिळ्यांनी. निसर्गमध्ये कौलं, पत्रे, सुपारीच्या बागा सगळं का गेलं ते यात आलं.

इमारती कुठल्या वाऱ्यासाठी डिझाइन करायच्या ते आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे. मुंबईसाठी पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. भुवनेश्वर, चेन्नईला ५० मीटर, म्हणजे ताशी १८०. या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत वादळानंतरही उभ्या राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींसाठी हा वेग आणखी १.३ पटीने वाढवून धरायला सांगितलं आहे. वर्गाचा नियम आठवा: वेग १.३ पट, तर दाब जवळपास १.७ पट. मेख अशी की हा वाढीव गुणक पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी लिहिलेला आहे. कोकणचं नाव त्यात नाही. निव्वळ नियमाला धरून कोकणात निवारा बांधणारा इंजिनिअर हा गुणक सोडून देऊ शकतो, आणि कागदावर तो चुकीचा ठरणार नाही. म्हणून निविदा निघण्याआधी ग्रामपंचायतीने एक प्रश्न लेखी विचारावा: वाऱ्याचा वेग किती धरला आहे, आणि निवाऱ्यासाठीचा १.३ चा गुणक लावला आहे का? प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

छप्पर स्लॅबचं हवं, हे उघड आहे. पण कोकणात स्लॅब गळतो, आणि गळला की आपण त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड घालतो. गावोगाव नजर टाका, एकही सरकारी इमारत सुटलेली नाही. वादळात ती शेड म्हणजे हवेत फिरणारी सुरी. त्यामुळे निवाऱ्याचा स्लॅब मुळातच उतरता घालावा, पागोळ्या नीट काढाव्यात, म्हणजे वर पत्रा घालायची वेळच येणार नाही. खिडक्या लहान, आणि बाहेरून बंद होणाऱ्या जाड फळ्यांच्या. सरकत्या अॅल्युमिनियमच्या काचा दिसायला छान, पण पहिल्या नारळाला फुटतात. जांभ्याच्या भिंती चालतील, मात्र जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा सलग फिरलेला हवा. त्याशिवाय चिरे म्हणजे नुसते एकावर एक ठेवलेले दगड.

खारा वारा हा हळू मारणारा शत्रू. समुद्रकाठच्या इमारतींचे खांब दहापंधरा वर्षांत तडकतात आणि आतली गंजलेली सळई दिसू लागते, हे आपण पाहतोच. सळईवर काँक्रीटचा थर पातळ असला की मीठ लवकर पोचतं. किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामासाठी आयएस ४५६ किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचा थर सांगतं. साइटवर हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. सळई आणि फळीच्या मध्ये जे ठोकळे ठेवतात त्यांना पट्टी लावा. ४५ च्या जागी २५ चे ठोकळे दिसले तर काम थांबवा. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरू देऊ नका, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

खालचा मजला मोकळा ठेवायचा की नाही? पूर किंवा लाट पोचत असेल तिथे हवा. पण नुसत्या खांबांवरची इमारत भूकंपात गुडघ्यात मोडते, आणि कोयना आपल्यापासून लांब नाही. खांबांचं डिझाइन त्या हिशोबाने झालं पाहिजे. जिथे पाणी पोचतच नाही, फक्त वारा आणि दरड हेच प्रश्न आहेत, तिथे साधी बैठी, घट्ट इमारत पुरते. ओडिशाचा फोटो बघून सगळीकडे खांब उभारायची गरज नाही.

क्षमता १५०, पण कशासाठी?

निवाऱ्याच्या दारावर ‘क्षमता १५०’ अशी पाटी लागते. ती पाटी अर्धवट आहे. वादळाच्या रात्री दाटीवाटीने बसायला माणशी दहा चौरस फूट धरले तर दीडशे माणसांना १५०० चौरस फूट पुरतात. पण दरडीच्या भीतीने हलवलेली वाडी एका रात्रीत परत जात नाही, तिला आठवडे काढावे लागतात. अशा छावणीसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं किमान मानक माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे ३८ चौरस फूट आहे. त्या हिशोबाने त्याच इमारतीत चाळीसच माणसं मावतात. पाटीवर दोन आकडे लिहायला हवेत.

आणि माणसं मोजायची कधी? जनगणना सांगते त्यापेक्षा आमचं गाव मे महिन्यात आणि गणपतीत दुप्पट होतं. वादळाचा एक हंगाम मे-जूनचा. चाकरमानी पोराबाळांसह घरी, लग्नं तोंडावर. तौक्ते आलं तेव्हा करोनाचे निर्बंध नसते तर कितीतरी हॉल वऱ्हाडाने भरलेले असते. निवाऱ्याचा हॉल लग्नाला भाड्याने द्यावा, जरूर द्यावा, त्या पैशातून देखभाल होते. पण भाड्याच्या पावतीवरच छापून टाकावं की इशारा आला तर हॉल त्याच क्षणी रिकामा करावा लागेल.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, दीडशे माणसं, तीन दिवस: १३५० लिटर. आकडा मोठा नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात १५०० चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला चार लाख लिटरच्या वर पाणी वाहून जातं. गंमत अशी की वादळ येतं मे महिन्यात, जेव्हा आमच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि टँकरची वाट बघितली जाते. तेव्हा निवाऱ्याची भरलेली टाकी डोळ्यांसमोर असताना तिला हात लावायचा नाही, हे बायकांना कोण सांगणार? जमिनीखाली वेगळी कुलपाची टाकी, किंवा टाकीतला नळच तळापासून दोन फूट वर बसवणं, हा त्यावरचा साधा उपाय. वरचं पाणी गाव वापरेल, खालचं आपोआप राहील.

संडास तीस माणसांना एक, म्हणजे पाच. दाराला आतून कडी, दिवा, आणि बायकांच्या संडासाची वाट पुरुषांच्या समोरून नको. चाकाची खुर्ची जाईल असा उतार, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा. बाळंतीण किंवा आजारी माणसासाठी एक दार लागणारी खोली. या गोष्टी नकाशात असतात, आणि पैसे संपले की पहिल्यांदा याच गळतात.

गुरांचं आधी ठरवा. आमच्या वरच्या वाडीतल्या एका आजोबांना निवाऱ्याबद्दल विचारलं तर त्यांनी एकच प्रश्न केला, “म्हस कुठं बांधू?” त्यांच्याकडे दुभती म्हैस आहे, ती सोडून ते कुठेही जाणार नाहीत. जावं असं सांगायचा मला अधिकारही नाही. मोकळा तळमजला असेल तर तिथे, नसेल तर शेजारी उंचवट्यावर कड्या ठोकलेला ओटा. कोळीवाड्यात हाच प्रश्न होडी, इंजिन आणि जाळ्यांचा आहे. होडी चांगली शाकारून वर ओढलेली असेल, जाळी ठेवायला कुलपाची खोली असेल, तर माणूस किनारा सोडतो.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. कोकणातल्या वाड्या जातीच्या आणि धर्माच्या नावाने बसलेल्या आहेत. निवारा एका वाडीच्या समाजमंदिरात किंवा देवळाच्या आवारात केला, तर दुसऱ्या वाडीची माणसं वादळातही तिथे जायला कचरतात. बोलून दाखवत नाहीत, पण घरीच थांबतात. म्हणून जागा अशी हवी जिथे सगळे एरवीच येतात: रेशन दुकानाजवळ, एसटीच्या थांब्यापाशी, अंगणवाडीत. ज्या दारातून बाई दर महिन्याला मुलाला डोस द्यायला जाते त्या दारातून ती वादळातही जाईल.

इशारा आणि किल्ली

हवामान खातं आता चांगलं आधी सांगतं. किनाऱ्याला धोका दिसला की साधारण ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी पक्का इशारा. हे सगळं मोबाइलवर येतं, आणि मोबाइल वारा सुरू झाल्यावर बंद पडतो. निसर्गनंतर कित्येक गावांना दिवसेंदिवस ना वीज होती ना रेंज. रस्त्यांवर झाडं आडवी. पुण्याहून एनडीआरएफची तुकडी निघाली तरी आतल्या वाडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर जे निवाऱ्यात आहे तेवढंच आपलं: सोलरचा दिवा, बॅटरीचा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, झाड कापायची करवत, दोर, तांदूळ-डाळ, आणि एक हाताने फिरवायचा भोंगा. भोंग्याला रेंज लागत नाही.

हे सगळं कुणी बघायचं? ओडिशात प्रत्येक निवाऱ्याची समिती आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीची समिती कागदावर होतेच. ती चालावी असं वाटत असेल तर तिच्यात अंगणवाडी सेविका आणि आशाताई हव्यात, कारण कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि कोण कितव्या महिन्यात आहे हे त्यांना पाठ असतं. देखभालीचे पैसे ठेव म्हणून बँकेत हवेत. बांधकामाला निधी येतो, मात्र पाच वर्षांनी रंग, वॉटरप्रूफिंग आणि बॅटरी बदलायला कुणाच्याच खात्यात पैसे नसतात.

आणि किल्ली. तीन किल्ल्या, तीन वेगळ्या घरांत, तिन्ही घरं इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. एकही किल्ली पगारी माणसाकडे नको, त्याची बदली होते. किल्ली कुणाकडे आहे ते दारावरच रंगाने लिहायचं. दरवर्षी १ मे च्या ग्रामसभेला तिन्ही किल्ल्या लावून बघायच्या, भोंगा फिरवायचा, टाकी तपासायची.

आमच्या गावात एवढं सगळं ठरलं आहे. बुडक्याची जागा बाद झाल्यावर शाळेच्या वरच्या अंगाला सहा गुंठे सापडले: पऱ्यापासून लांब, उतारापासून सुटलेले, तीन वाड्यांच्या मध्ये. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या बाहेर असल्याने सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांखालच्या, परवानगीचाही प्रश्न नाही. जमीन सामायिक आहे. सातबाऱ्यावर एकतीस नावं. अठ्ठावीस जणांनी बक्षीसपत्राला होकार दिला, दोघांचे वारस शोधून काढले. एकतिसावा नालासोपाऱ्याला असतो, भावाशी बोलत नाही. या गणपतीत तो येईल असं त्याची वहिनी म्हणते. काकूने त्याच्यासाठी आत्तापासून कुळथाची पिठी आणि आमसुलं बांधून ठेवली आहेत.